गाडीत नसलेल्यांच्या आठवणी : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

आपल्या समाजाच्या नियतकालिकांतून आणि धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून गेल्या काही वर्षांत एक लेखनप्रकार चांगलाच रुजला आहे. समीक्षकांनी त्याला अद्याप नाव दिलेले नाही. आम्ही आपल्या सोयीसाठी त्याला ‘वाहनस्मृती’ म्हणतो. लेखक बहुधा पन्नाशी-साठीचा असतो. बैलांच्या घुंगरांनी लेखाचा आरंभ होतो, मध्ये टांगा, खाडीवरची तर, एस.टी.चा लाल डबा आणि विरार-डहाणू शटल अशी स्थानके येतात, आणि ‘गेले ते दिवस’ या सुरावर लेख थांबतो. शेवटून दुसऱ्या परिच्छेदात देवाचे आभार मानलेले असतात.

माकुणसारसारख्या गावी बसून असे लेख वाचले म्हणजे त्यांमागची कळ उमजते. सफाळे आणि केळवे रोड ही या गावाला जवळची स्थानके. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईपर्यंत आला, तेव्हा रूळ किनाऱ्यावरील जुन्या गावांना टाळून आतल्या अंगाने गेले. म्हणूनच ‘केळवे रोड’, ‘डहाणू रोड’ अशी नावे पडली. स्थानकाच्या नावात ‘रोड’ असणे म्हणजे गाव अजून पुढे आहे, उरलेली वाट तुमची तुम्ही चाला, असे रेल्वेने प्रामाणिकपणे सांगणे होय. त्या उरलेल्या वाटेवरच आपल्या बैलगाड्यांचे सारे साहित्य उभे आहे. १६ एप्रिल २०१३ रोजी उपनगरी लोकल डहाणूपर्यंत धावू लागली. पुढच्याच वर्षी पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे काम चालू आहे, आणि तिची स्थानके विरार व बोईसर येथे नियोजित आहेत. वेग वाढला की माणसे मागे वळून पाहू लागतात. त्यात वावगे काही नाही.

या लेखनाचे ऋण आधी मान्य केले पाहिजे. जू, पराणी, वंगण, चाकाची धाव हे शब्द आपल्या मुलांनी ऐकलेले नाहीत. ते या लेखांनी जपले. केळवे-माहीमची विड्याची पाने करंड्यांत बांधून आगगाडीने उत्तरेकडे कशी रवाना होत, पहाटेच्या गाडीने फुलांच्या आणि भाजीच्या टोपल्या मुंबईस कशा जात, याची नोंद कोणत्याही सरकारी कागदापेक्षा या लेखांत अधिक जिवंत सापडते. तरीही असे चाळीसएक लेख एका बैठकीत वाचल्यावर आमच्या मनात एक शंका उभी राहिली. हे लेख आठवणीचे आहेत की विसरण्याचे?

ही शंका दुसऱ्यांवर रोखण्याआधी स्वतःवर रोखणे उचित ठरेल. काही वर्षांपूर्वी एका स्मरणिकेत आम्हीही असाच एक लेख लिहिला होता. सेमिनरीत शिकत असताना सुट्टीत एका वृद्ध मिशनरी फादरांबरोबर बैलगाडीने आडगावी मिस्सासाठी गेल्याची ती आठवण. पहाटेचे चांदणे, ताडांच्या सावल्या, फादरांची पुटपुटती रोझरी आणि दोन्ही बैलांची नावे असे सारे त्यात होते. लेखाचे कौतुकही झाले. पुढे माकुणसारला एका घरी गेलो असता तेथल्या आजी म्हणाल्या, “फादर, नातवाकडून तुमचा लेख वाचून घेतला. बैलांची नावंसुद्धा लिहिलीत. पण मिस्साची पेटी डोक्यावर घेऊन जी गाडीमागून चालत होती, तिचं नाव नाही लिहिलंत.”

आम्हांला क्षणभर काही सुचेना. मग हळूहळू आठवले. गाडीच्या हिसक्यांनी काचेची भांडी फुटू नयेत म्हणून वेदीच्या साहित्याची पेटी गाडीत ठेवीत नसत. एक मुलगी ती डोक्यावरून नेत असे. ती या आजींची धाकटी बहीण. आम्ही गाडीत होतो, ती मागून चालत होती. तीन मैलांच्या त्या वाटेवर ख्रिस्तयागाचा खरा भार जिने वाहिला, ती आमच्या लेखात नव्हती. बैल मात्र होते.

त्या दिवसापासून आम्ही एक कसोटी शोधत होतो. आठवण लिहिणाऱ्याने कोठे बसून आठवावे? ही कसोटी आम्हांला एका जुन्या, सर्वांच्या ओळखीच्या पुस्तकात सापडली. ते पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत ते प्रसिद्ध झाले. टिळक दाम्पत्य प्रॉटेस्टंट पंथाचे, म्हणून आपल्यापैकी काही वडीलधाऱ्यांनी हे पुस्तक दुरूनच वंदिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयीचा हुकूमनामा काढल्यानंतर तरी तो दुरावा राहण्याचे कारण उरलेले नाही. मराठी ख्रिस्ती गद्याची ही सर्वांत मोठी ठेव आहे आणि ती आपल्या सर्वांची आहे.

डब्यातील भेट

प्रवास, विस्मरण आणि श्रद्धा या तिन्ही गोष्टी टिळकांच्या चरित्रात विलक्षण रीतीने एकत्र आल्या आहेत. आईच्या निधनानंतर नारायण वामन टिळकांनी लहान वयातच घर सोडले आणि ते नाशिकला येऊन पोहोचले. पुढेही त्यांचे पाऊल एका जागी ठरले नाही. १८९३ साली ते नागपूरहून राजनांदगावला चालले होते. बंगाल-नागपूर रेल्वेने हा मार्ग नुकताच, १८८० च्या दशकात, आपल्याकडे घेतला होता. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. बोलणे निघाले, विषय धर्मापर्यंत आला, आणि त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती नव्या कराराची प्रत ठेवली. तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

ही हकीकत आपल्या प्रवचनांतून अनेकदा येते. तिची साहित्यिक घडण मात्र आपण फारशी पाहिलेली नाही. ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या आठव्या अध्यायातील प्रसंग तिच्या शेजारी ठेवून पाहावा. कंदाके राणीचा एक हबशी अधिकारी येरुशलेमहून रथातून परतत आहे. तो यशयाचा ग्रंथ वाचत आहे, पण त्याला अर्थ लागत नाही. फिलिप त्याला भेटतो, त्याच्या शेजारी बसून अर्थ उलगडतो. वाटेत पाणी लागते, तेथे बाप्तिस्मा होतो, आणि लगेच फिलिप दिसेनासा होतो. वाहन, ग्रंथ, अनोळखी सोबती, बाप्तिस्मा आणि वियोग ही पाचही अंगे दोन्ही कथांत आहेत. एक भेद मात्र सांगण्याजोगा आहे. शास्त्रात सांगणाऱ्याचे नाव राहिले आणि ऐकणाऱ्याचे हरवले. तो अधिकारी आजही निनावीच आहे. टिळकांच्या कथेत ऐकणाऱ्याचे नाव महाराष्ट्रभर झाले आणि सांगणाऱ्याचे हरवले. हकीकत ज्या रूपाने लोकांत पसरली त्या रूपात तो फक्त ‘एक युरोपियन गृहस्थ’ आहे. पुढे अभ्यासकांनी फ्री मेथॉडिस्ट मिशनचे अर्नेस्ट वॉर्ड हे त्याचे नाव दिले; पण आपल्या व्यासपीठांवरून ते क्वचितच उच्चारले जाते.

आणखी एक बारकावा आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा. फिलिप रथात बसून आलेला नाही. तो रथाशेजारून धावत येतो. आत बसलेला वाचतो आहे, बाहेरून धावणारा अर्थ सांगतो आहे. शुभवर्तमान त्या दिवशी वाहनाच्या बाहेरून, धुळीने माखलेल्या पायांनी आले. वाहनस्मृती लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे ध्यानी ठेवावे. ज्याला आपण मागे चालणारा समजतो, त्याच्यापाशी कदाचित आपल्या वाचनाचा अर्थ असतो.

डब्यात नसलेली स्त्री

राजनांदगावच्या गाडीतील ही कथा दोन पुरुषांची आहे. टिळकांच्या जीवनाला कलाटणी देणाऱ्या त्या संवादात लक्ष्मीबाईंना जागा नव्हती. त्या डब्यात नव्हत्याच. एखाद्या चरित्रकाराने लिहिले असते तर कथा येथून सरळ बाप्तिस्म्याच्या दिवसापर्यंत धावली असती आणि पत्नीचे दुःख एका परिच्छेदात आटोपले असते. ‘स्मृतिचित्रे’चे वेगळेपण येथेच आहे. ज्या व्यक्तीला गाडीत घेतले नव्हते, तिने लिहिलेले हे गाडीचे चरित्र आहे.

टिळकांचे चरित्र लिहावे या हेतूने मुलाने, देवदत्तांनी, आईकडे आठवणी मागितल्या आणि त्या आठवणींचे हे पुस्तक झाले. म्हणजे मागितली गेली ती टिळकांची कथा. लक्ष्मीबाईंनी ती दिली, पण आपल्या जागेवरून दिली. टिळकांचा बाप्तिस्मा झाल्यानंतरची चार-पाच वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. सोबत लहान मूल, सभोवती हळहळणारे आणि टोचणारे नातलग, आणि पंढरपूरचा मुक्काम, हा सारा काळ त्यांनी ज्या निर्मळपणे रंगविला आहे, त्याला मराठीत तोड नाही. पुढे त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी आपले सोवळे, आपली चूल, आपले पाणी त्यांनी सोडले नाही. जातिभेद हा देवाचा नसून माणसाचा आहे, हे त्यांना कोणी व्याख्यान देऊन पटविले नाही. ते त्यांना आपल्याच विचाराने उमगले आणि त्या दिवसापासून त्या तशा वागू लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

थोडक्यात, टिळक श्रद्धेपर्यंत आगगाडीने गेले. लक्ष्मीबाई चालत गेल्या. अंतर तेच, पण वाट पायांखाली मोजलेली. म्हणूनच वाटेवरचा प्रत्येक खडा त्यांच्या स्मरणात आहे.

काही अभ्यासकांना या पुस्तकात आध्यात्मिक चिंतन कमी वाटते. लक्ष्मीबाई मनःपरिवर्तनाचा अंतर्भाग उलगडून दाखवीत नाहीत, सिद्धान्त मांडीत नाहीत, सनावळ्याही नीट देत नाहीत. तारखांच्या बाबतीत ही तक्रार रास्त आहे, आणि अशोक देवदत्त टिळकांनी पुढे संपादित केलेल्या आवृत्तीने वाचकाची त्या बाबतीत सोय केली आहे. चिंतनाविषयीची तक्रार मात्र आम्हांला मान्य नाही. आम्ही सेमिनरीत ईशज्ञान शिकलो. कृपा म्हणजे काय, याची व्याख्या आम्हांला चार प्रकारे देता येईल. पण कृपा घरात कशी शिरते, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर किती काळ थांबते आणि शेवटी पाण्याच्या घागरीतून कशी आत येते, हे आम्हांला या पुस्तकाने शिकविले. औपचारिक शालेय शिक्षण न लाभलेल्या या लेखिकेने ईशज्ञान टाळले नाही. तिने ते संसाराच्या भाषेत लिहिले.

विसरभोळेपणा आणि सोयीचे विस्मरण

‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्या प्रत्येकाच्या लक्षात राहतो तो टिळकांचा विसरभोळेपणा. एका कामासाठी घराबाहेर पडावे आणि दुसरेच करून यावे, खिशातले दुसऱ्याला देऊन टाकावे आणि घरी काय लागते याची आठवण राहू नये, मनात आले की चालू लागावे आणि घरच्यांना सांगायचेही भान नसावे, असा हा पुरुष. या विसरण्याची किंमत बायकोने मोजली आहे. तरी पुस्तकभर कोठेही फिर्याद नाही. हसू आहे, कधी चांगला रागही आहे, परंतु कडवटपणा नाही.

हे साधले कसे? आमच्या मते लक्ष्मीबाईंना विसरण्याचे दोन प्रकार नीट ओळखता येत होते. एक विसरणे असे असते की त्यात माणूस स्वतःलाच विसरतो. टिळकांचे विसरणे बहुतांशी या जातीचे होते. कवितेत, दुसऱ्याच्या दुःखात किंवा देवाच्या विचारात बुडालेला माणूस आपली छत्री विसरतो, आपली भूक विसरतो, आणि त्याच ओघात घरच्यांची भूकही विसरतो. हा दोषच आहे, पण त्याला क्षमा आहे. दुसरे विसरणे असे की त्यात माणूस स्वतःला सोडून इतरांना विसरतो. ते सोयीचे असते, नीटनेटके असते आणि बरेचदा ते सुंदर भाषेत लिहिलेले असते. आमच्या लेखातले विसरणे या दुसऱ्या जातीचे होते. चांदणे आठवले, पेटी आठवली नाही.

स्मरणरंजनाच्या साहित्यावरचा आमचा मुख्य आक्षेप हाच आहे. ते काही विसरते म्हणून नव्हे. विसरल्याशिवाय लिहिताच येत नाही. ते कोणाला विसरते, हा प्रश्न आहे. आमच्या वाचनात आलेल्या त्या चाळीस लेखांत गाडीवान क्वचित आहे, टोपलीवाली दुरून दिसते, आणि ज्यांना गाडीत बसण्याची मुभाच नव्हती ते तर कोठेच नाहीत. बैलगाडीच्या काळात सारे एकोप्याने राहत होते, असे विधान बहुतेक लेखांत आहे. गाडीच्या आतून पाहिले तर ते खरेही वाटते. या किनारपट्टीच्या पूर्वेला जंगलपट्टीतून लाकूड, गवत आणि स्वतःचे श्रम विकायला स्थानकांवर येणाऱ्या वारली बांधवाला विचारले, तर तो काय सांगेल?

देवसुद्धा विसरतो, असे पवित्र शास्त्र सांगते. तो आपली पापे विसरतो. पाप करणाऱ्याला विसरत नाही. आपण नेमके उलट करतो. माणसे विसरतो आणि त्यांचे दोष लक्षात ठेवतो.

जपणारे हात

या ठिकाणी आपल्याच परंपरेतील एक उदाहरण आठवते. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले आणि ऑक्टोबरात गोव्याला पोहोचले. सहा महिन्यांहून अधिक काळाच्या या सागरप्रवासाचे वर्णन त्यांनी आपल्या वडिलांना पत्राने कळविले. ते पत्र हॅक्लुइट या इंग्रज ग्रंथकाराने आपल्या प्रवाससंग्रहात छापून जपले. भारताकडे येण्यास उत्सुक असलेल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना त्यातून वाटेची माहिती मिळणार होती. त्याच स्टीफन्सांनी पुढे मराठीत सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले, १६४९ आणि १६५४ साली पुन्हा छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले, आणि त्यानंतर असा ग्रंथ पुन्हा छापणार कोण?

म्हणजे वाहनाची हकीकत राहिली आणि ज्यासाठी तो प्रवास घडला ते काव्य छापखान्यातून नाहीसे झाले. ते अजिबात नष्ट झाले नाही, याचे श्रेय सामान्य ख्रिस्ती कुटुंबांना आहे. त्यांनी हाताने नकला केल्या, घरात वाचल्या, पुढच्या पिढीकडे दिल्या. त्या हस्तलिखितांवरून जोसेफ सालढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ पुन्हा छापले. नकला करणाऱ्या बहुतेकांची नावे आज कोणी घेत नाही. स्टीफन्स जहाजातून आले. त्यांची ओवी मात्र या निनावी हातांनी, पायी चालल्यासारखी, तीन शतके पार करून आपल्यापर्यंत आली. आमच्या त्या पेटीवाल्या मुलीचे सगोत्र हेच लोक.

स्मरण म्हणजे काय

आपण दररोज वेदीवर जे करतो, ते प्रभूच्या आज्ञेनुसार त्याच्या स्मरणार्थ करतो. सेमिनरीत आम्हांला शिकविले होते की हे स्मरण म्हणजे मागे वळून पाहणे नव्हे. घडलेली गोष्ट येथे, आता, सर्वांसमोर उपस्थित होते आणि जो मोडला गेला तो पुन्हा सर्वांमध्ये वाटला जातो. या अर्थाने पाहिले तर ख्रिस्ती माणसाचे स्मरण हे कधीच केवळ रंजन असू शकत नाही. जो जेवणाच्या पंगतीला नव्हता त्याला जागा करून देणे हे त्या स्मरणाचे अंग आहे. एम्माऊसच्या वाटेवरील दोघा शिष्यांनाही तो अनोळखी सोबती चालताना ओळखू आला नाही; भाकर मोडली गेली तेव्हा ओळख पटली, आणि मग त्यांना वाटेतले सारे आठवले.

तेव्हा आपल्या लेखकांनी वाहनस्मृती लिहूच नयेत, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. उलट अधिक लिहाव्यात. लोकलच्या गर्दीत उभे राहून वाचणाऱ्या तरुणांना केळवे रोडपासून पुढची वाट कोणी कशी चालली, हे कळलेच पाहिजे. एवढेच की लेख पूर्ण झाला म्हणजे लेखकाने एकदा गाडीतून खाली उतरावे, मागे चालत यावे आणि तेथून आपली गाडी कशी दिसते ते पाहावे. लक्ष्मीबाईंनी एक संपूर्ण पुस्तक त्या जागेवरून लिहिले आणि तरी गाडीतल्या माणसावरचे त्यांचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही. मागून चालणाऱ्याची आठवण कडवटच असते, ही भीती त्यांनी खोटी ठरविली आहे.

आजींनी आपल्या बहिणीचे नाव आम्हांला सांगितले. ती आता हयात नाही. येथे ते लिहिण्याचा मोह आम्ही आवरतो, कारण त्यावर पहिला हक्क तिच्या गावच्या वाचकांचा आहे. ज्या स्मरणिकेत आमचा तो लेख छापला गेला, तिच्या पुढच्या अंकासाठी आम्ही एक दुरुस्ती पाठविली आहे. दुरुस्ती दोन ओळींचीच आहे. तिच्यात बैलांची नावे आम्ही काढलेली नाहीत; त्यांच्या आधी एक नाव घातले आहे.